धुरपदाबाईंनी शिवलेले पंख

धुरपदाबाई बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात चोळ्या-परकर शिवून पोट भरत. नवरा लग्नानंतर चारच वर्षांत हिवतापाने गेला, तेव्हापासून त्या धाकट्या भावाच्या, शालिग्रामच्या घरी राहत. हातात कात्री असली की त्या बोलत नसत, आणि कात्री बहुतेक वेळ हातात असेच.

शालिग्राम सातपुड्यापलीकडच्या एका लहान संस्थानात मोटारींचा फिटर होता आणि सणासुदीला घरी येई. अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं आणि राजवाड्यातलं गॅरेज बंद पडलं. निरोप घ्यायला गेलेल्या शालिग्रामला राजेसाहेबांनी कोठीतली सहा लांबलचक खोकी दाखवली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी विलायतेहून मागवलेलं एक विमान त्यांत सुट्या भागांत पडून होतं. नकाशे बघून घरच्या घरी जोडायचं, पहिल्या महायुद्धानंतरच्या जुन्या धाटणीचं: एकावर एक दोन पंख, पुढेमागे दोन उघड्या बैठका.

"मला आता काय करायचंय त्याचं," ते म्हणाले. "जोडलंस तर तुझं."

खोकी मालगाडीने बऱ्हाणपूरला आली. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये शालिग्रामने ती उघडली. इंजिन ग्रीसमध्ये जपलेलं होतं. पंखांचे लाकडी सांगाडे जोडलेलेच आले होते. त्यांवर चढवायच्या कापडाचा मात्र उंदरांनी भुगा केला होता.

"कापडच पायजे ना?" धुरपदाबाई म्हणाल्या. मिलच्या दुकानात जाऊन त्यांनी एकेक ठाण नखाने घासून पाहिलं आणि घट्ट विणीचं सुती कापड निवडलं.

दोन हिवाळे काम चाललं. पंख लांब कडेवर उभा करायचा आणि वीतभर लांब सुई आरपार घालून कापड प्रत्येक फासळीला, म्हणजे सांगाड्यातल्या लाकडी पट्टीला, बांधायचं. एका बाजूला धुरपदाबाई, दुसऱ्या बाजूला शालिग्राम. सुई आली की तो ओढून परत पाठवी. मधल्या कापडामुळे एकमेकांचा चेहरा दिसत नसे. शालिग्राम मात्र सारखं काहीतरी गुणगुणत असे. शिवून झाल्यावर कापड ताठ करणारं रोगण लावलं, तेव्हा शेडभर पिकल्या केळ्यांचा उग्र वास सुटला.

विमान तपासायला सरकारी साहेब आले. त्यांनी गाठींमधलं अंतर मोजलं, कापडावर टिचक्या मारल्या. "टाके कोणाचे?"

"बहिणीचे."

"आमच्या कारखान्यातही असे एकसारखे पडत नाहीत," असं म्हणून त्यांनी कागदावर सही केली.

त्या संध्याकाळी भावाच्या ताटात भाकरी वाढून धुरपदाबाई तिथेच बसल्या. "शालिग्राम, खालच्या डाव्या पंखात एक फासळी हालते."

"साहेबांनी पास केलंय."

"त्यांनी कापड पाह्यलं. फासळी मले हाताले लागली. दोरा ओढला का ती सरके."

शालिग्रामचा हात थांबला. "शिवून आठ महिने झाले. आज सांगते?"

"आधी वाटलं, मले काय समजते विमानातलं. मंग तू खुशीत गाणं म्हणत होता रोज, ते मोडवलं नाही. चुकलंच माझं."

सकाळी शेडमध्ये त्यांनी स्वतःच त्या पंखावर कात्री चालवली. फासळी शालिग्रामच्या हातात सुटून आली. जोडातला सरस पांढरी भुकटी होऊन गळला. कोठीच्या ओलीत तो केव्हाच मेला होता. एकीवरून शंका आली म्हणून चारही पंख उघडले. अकरा फासळ्या तशाच निघाल्या.

शालिग्राम दोन दिवस शेडकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी गेला, तर बहीण उरलेलं कापड उसवत बसली होती. त्याने नवा सरस कालवायला घेतला. साहेबांना त्याने खरं ते कळवलं आणि सही केलेला कागद परत पाठवला. पुढचं सगळं वर्ष त्यात गेलं, आणि शेवटी साहेबांनी पुन्हा तपासून नव्या कागदावर सही केली.

बावन्नच्या फेब्रुवारीत पंख मागे दुमडून, बैल जुंपून विमान गायरानावर नेलं. लीलाधर नावाचा ओळखीचा वैमानिक नागपूरहून आला होता. त्याने एकट्याने दोन फेऱ्या मारल्या आणि मग शालिग्रामला बोलावलं. शालिग्राम म्हणाला, "आधी अक्का."

धुरपदाबाईंनी पदर कमरेला खोचला, डोक्याला उपरणं बांधलं आणि पुढच्या बैठकीत चढून बसल्या. खाली तापी वळताना दिसली, राजघाटाच्या पायऱ्या दिसल्या, केळीची शेतं दिसली. पण त्यांचं लक्ष बहुतेक वेळ डाव्या पंखावरच होतं.

उतरल्यावर शालिग्रामने विचारलं, "कसं वाटलं?"

"गार," त्या म्हणाल्या. मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं.

चार वर्षांनी विमान एका फ्लाइंग क्लबाकडे गेलं. तिथल्या मिस्त्रींना ती शिवण जमेना, म्हणून दर काही वर्षांनी कापड बदलायचं आलं की धुरपदाबाईंना बोलावणं येई. त्या दोन सुया फडक्यात गुंडाळून एकट्याच रेल्वेने जात. खुर्चीवर बसून शिकवत, आणि गाठ सैल दिसली तर काही न बोलता कापून टाकत.