फोरमनकाकूंची दुपटी

साळवेकाकू कापड हातानं तपासत नसत, गालाला लावून बघत. दुकानात तर बघतच, पण ते दुसऱ्याच्या अंगावर असलं तरी त्यांना काही फरक पडत नसे. आमची पहिली भेट टेक्सासमधल्या शुगर लँड गावच्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. मी नवी कोरी साडी नेसून मिरवत होते. एका उंच, पांढऱ्या बॉबकटच्या बाईंनी माझा पदर उचलला, गालाला लावला आणि सोडून दिला. "टोचतं," त्या म्हणाल्या. "घरात जुनी सुती साडी आहे का? पार विरलेली?" ओळख ना पाळख. मी भयंकर चिडले. तरी दुसऱ्या दिवशी आईची विरलेली साडी घेऊन मी त्यांच्या दारात उभी होते. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

काकू मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती घरातल्या. गणपतीला हजर, कारण तिथे साड्या भेटतात. वर्गात एकटी मुलगी असताना पुण्यात इंजिनिअर झाल्या आणि ह्यूस्टनजवळच्या एका रिफायनरीत आयुष्यभर सेफ्टीचं काम केलं. डोक्यावर हेल्मेट घालून पुरुषांवर ओरडायची सवय रिटायर झाल्यावरही गेली नव्हती, म्हणून आम्ही त्यांना पाठीमागे फोरमन म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

त्यांच्या चर्चचा एक गट युद्ध चालू असलेल्या एका देशातल्या बाळंतिणींना खोकी पाठवायचा. साबण, लंगोट, दुधाची पावडर. तिथलं प्रसूतिगृह बॉम्बच्या भीतीनं तळघरात हलवलं होतं. एकदा तिथून फोटो आला. नुकतंच जन्मलेलं बाळ आणि ते निळ्या कागदात गुंडाळलेलं, कारण कापडच उरलं नव्हतं. "कागदात काय, मिठाई आहे का ती?" काकू म्हणाल्या आणि त्याच आठवड्यात जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवायला बसल्या.

त्या देशाचं नाव त्या घेत नसत. नाव घेतलं की लोक बाजू घेतात, असं त्यांचं म्हणणं. मंडळात एका डॉक्टरकाकांनी विचारलंच, की ही नक्की कुठल्या बाजूची मुलं. "डॉक्टर, तुम्ही मला सांगा, बाळ किती दिवसांचं झालं की त्याला बाजू येते?" डॉक्टरकाका चहाचा कप घेऊन दुसऱ्या टेबलाकडे गेले. आणखी काहींना वेगळीच शंका होती, की चर्चचं काम म्हणजे दुपट्याच्या घडीतून धर्म पाठवणार. काकूंनी त्यांना घडी करायलाच बसवलं. स्वतःच घडी घाला आणि स्वतःच खोकं बंद करा, म्हणजे आत काय गेलं ते कळेल.

पहिली खेप, जिथे खोकी कंटेनरमध्ये भरतात, त्या गोदामातूनच परत आली. वापरलेलं कापड चालणार नाही, असा नियम. आम्ही हातपाय गाळले. दुपटं कुणी नव्या कापडाचं शिवतं का? ते बाळाला टोचतं. काकू मात्र नियमावर चिडल्या नाहीत. जुन्या कापडातून रोग जातात, नियम बरोबर आहे, म्हणाल्या. पण जन्मभर त्यांनी नियम लिहिले होते, त्यामुळे त्यांना ते वाचताही येत होते. त्यांनी गोदामाला फोन करून विचारलं, नवं कापड नुसतं धुतलं तर ते वापरलेलं होतं का? हे त्या माणसाला कधी कुणी विचारलं नव्हतं. त्यानं वरच्यांना विचारलं, वरच्यांनी आणखी वरच्यांना, आणि उत्तर आलं, की धुतलेलं म्हणजे वापरलेलं नव्हे.

झालं. आमच्या दहाबारा घरांत मलमलीचे तागे येऊन पडले. प्रत्येक तुकडा वीस वेळा धुवायचा. अंथरायचा नाही, पांघरायचा नाही, नुसता धुवायचा. माझी लेक म्हणाली, "आई, इट्स ऑलरेडी क्लीन." नवऱ्यानं तर मला काही झालंय का, असं माझ्या बहिणीला फोन करून विचारलं. वाळवायचं उन्हातच, कारण बाळाच्या कापडाला ऊन लागायलाच हवं. काकूंनी घरासमोर दोऱ्या बांधल्या. दोरीवर कपडे घालायला बंदी आहे, असं कॉलनीच्या एचओएचं, म्हणजे घरमालकांच्या संघटनेचं, पत्र आलं. काकूंनी त्याखाली 'वाचलं' असं लिहून, सही करून परत पाठवलं. दुसरं पत्र आलं, त्यावर 'हेही वाचलं'. दोऱ्या तशाच राहिल्या.

खरी लढाई पुढे होती. चर्चच्या कमिटीनं ठरवलं, की प्रत्येक दुपट्याला एक छापील पट्टी शिवायची. तिच्यावर येशूचं वचन आणि गटाचं नाव. पट्टी नसेल तर कंटेनरमध्ये जागा नाही. त्या सभेला काकूंनी मलाही नेलं होतं. त्या उभ्या राहिल्या.

"येशू जन्मला तेव्हा मरीयेनं त्याला बाळंत्यात गुंडाळलं. त्यावर कुणाचं नाव होतं? वाटेत बंदूकवाल्यानं ही पट्टी वाचली तर त्या आईनं काय उत्तर द्यायचं? आपलं नाव होईल आणि तिचा जीव जाईल. मी पट्टी शिवणार नाही."

"साळवेबाई, डोनर्सना काहीतरी दाखवावं लागतं," पास्टर समजुतीनं म्हणाले.

"मग मला दाखवा."

हात वर झाले आणि काकू एकट्या पडल्या. मी पाहुणी. मला मत नव्हतं, पण तोंड होतं. मी गप्प बसले. त्याचा मला अजून राग येतो.

काकूंनी चर्च सोडलं नाही. दर रविवारी पहिल्या बाकावर बसून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गायच्या. फक्त घरी गॅरेजमधली गाडी बाहेर काढली आणि खोकी आत आणली. बिनापट्टीची दुपटी न्यायला दुसरी एक ख्रिस्ती संस्था त्यांनी शोधून काढली. कितीतरी महिने तिकडून काही कळलं नाही. मग तळघरातल्या नर्सचा निरोप आला: दुपटी पोचली, पुढच्या वेळी थोडी मोठी पाठवा, मुलं वाढताहेत. काकूंनी तो मला तीनदा वाचायला लावला.

"वाढतायत," त्या म्हणाल्या. "वरून बॉम्ब पडतायत आणि ही वाढतायत." त्यांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं ते त्या एकाच दिवशी.

मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. हृदयाचा झटका. मशीनवर एक दुपटं राहिलं होतं, तीन कडा शिवलेल्या, चौथी उघडी. त्यांच्या मुलीनं ते अंत्यविधीच्या दिवशी चर्चमध्ये आणलं. हे आता बाईंबरोबरच जाऊ दे, असं म्हणत पास्टरनी ते शवपेटीत ठेवायला हातात घेतलं. सगळे रडत होते. मीही रडत होते. रडतरडतच उठले, पुढे गेले आणि त्यांच्या हातातून ते काढून घेतलं.

"हे पुरायचं नाही," मी म्हणाले. "हे बाळाचं आहे."

सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. पास्टर काही बोलणार होते, पण काकूंच्या मुलीनं मान हलवली आणि ते थांबले. मी घडी घालून दुपटं पर्समध्ये ठेवलं आणि जागेवर जाऊन बसले.

चौथी कड मी घरी शिवली. मला शिवण येत नाही. टाके वाकडे आले. काकू असत्या तर सगळे उसवायला लावले असते. मी उसवले नाहीत. खोकी न्यायला गाडी मंगळवारी यायची होती.