तीन मिनिटांबाहेरचं कडवं

समितीनं कार्यक्रमपत्रिकेत आत्याच्या गाण्यापुढे ‘पारंपरिक’ असं छापलं. मी ते वाचलं तेव्हा आत्या माझ्यासमोर बसून गवार मोडत होती. ऐंशी वर्षांची, धडधाकट, सिंगापूरला, वुडलँड्समधल्या एका ब्लॉकच्या अकराव्या मजल्यावर, मांडीवर ताट घेऊन. जिचं गाणं ती इथं जिवंत आहे आणि गाणं मात्र पारंपरिक!

“आत्या, हे बघ काय छापलंय.”

“चांगलं दिसतंय की. रंगीत आहे,” आत्या म्हणाली.

माझं डोकं तिथंच फिरलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वर्षभरापासून लेकाकडे, म्हणजे माझ्या आतेभावाकडे, सिंगापूरला आहे. मी दोन ब्लॉक सोडून एका खोलीत भाड्यानं राहते आणि दर रविवारी तिच्या हातचं जेवायला जाते. मरीन परेडच्या एका कॉन्डोच्या हॉलमध्ये चौदा एप्रिलच्या जयंतीचा कार्यक्रम होता आणि मुलांनी आत्याचंच गाणं बसवलं होतं. नेटवर कुणीतरी जुन्या तबकडीवरून चढवलेलं. ते तिचं आहे हे समितीला माहीतच नव्हतं.

तरुणपणी आत्या एका मोठ्या गाणपार्टीत होती. चौदा माणसं. दोन क्लॅरिनेट, ट्रम्पेट, बेंजो, ढोलकी, पेटी, मागं कोरसच्या बाया. वाजवणारे सगळे लग्नाच्या बॅन्डमधले. आत्या गायची, आणि गाणी रचायचीही तीच, भाकऱ्या थापता थापता. सहा तबकड्या निघाल्या. सहाही तबकड्यांवर पार्टीच्या मालकाचं नाव आणि पुढं ‘आणि पार्टी’. त्या ‘आणि पार्टी’त आमची आत्या. पुढं कॅसेट आल्या, की-बोर्ड आला, चौदा माणसांची चार झाली. आत्याला कुणी ‘आता येऊ नको’ असा निरोपसुद्धा पाठवला नाही.

तरी तिचं नाव राहायला हवं होतं. आपल्याकडे गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो. लेबलवर काही का असेना, गाणं गायलं की नाव उच्चारलं जातं. आत्यानंही गुंफलं होतं, चौथ्या कडव्यात. पण तबकडीच्या एका बाजूला मावायची जेमतेम तीन मिनिटं. रेकॉर्डिंगवाला काचेमागून बोट वर करायचा, की क्लॅरिनेटनं शेवटचा तुकडा वाजवून संपवायचं. तीन कडवी, मग क्लॅरिनेट. सहाही वेळा.

“म्हणजे क्लॅरिनेटसाठी तुझं नाव कापलं?” मी ओरडलेच.

“अगं, काय वाजवायचा तो क्लॅरिनेटवाला!” आत्याचे डोळे चमकले. “माणसं रडायची.”

ज्याच्यावर अन्याय झाला तोच असा वाजंत्र्याची तारीफ करत बसला, तर लढायचं कुणी आणि कसं? माझे वडील जयंतीच्या मैदानावर सतरंजी टाकून पुस्तिका विकायचे. दोन पानांची, चार पानांची पत्रकं वाचत मी वाचायला शिकले. मला एकच उपाय येतो. मी पत्रक काढायचं ठरवलं. पूर्ण गाणं, चारही कडवी, खाली कवयित्रीचं नाव. हॉलमध्ये खुर्चीखुर्चीवर ठेवायचं.

“इथं पत्रकंबित्रकं वाटायची नाहीत हां बाई,” आतेभाऊ दचकला. “माझा कामाचा पास आहे, रद्द होईल.”

“दादा, गाणं वाटतेय, बॉम्ब नाही.”

चौथं कडवं कुठं लिहिलेलं नव्हतं. ते आत्याच्या तोंडून घ्यायला मी फोन समोर धरला. आत्या गायली. आवाज खरखरला होता, पण सूर पक्का. तिसरं कडवं संपलं आणि ती थांबली. पुन्हा गायली, पुन्हा तिथंच थांबली. चार रविवार हाच प्रकार. समोर यंत्र ठेवलं की तिचा गळा तीन कडव्यांनंतर आपोआप मिटायचा. आतेभावाची लेक सोफ्यावरून मला म्हणाली, “आत्तू, साँग गॉट ओन्ली थ्री, लाह.” गाणं तीनच कडव्यांचं, असं तिला जयंतीच्या तालमीत शिकवलं होतं.

शेवटी आत्याच वैतागली. “तो फोन ठेव आत. आणि पेन घे.”

मी लिहून घेतलं. हातात दिवे घेऊन निघालेल्या बाया, आणि शेवटच्या ओळीत तिचं नाव. नुसतं नाव. बापाचं नाही, नवऱ्याचं नाही.

मग मी प्रस्तावना लिहायला बसले आणि मला चेव चढला. तबकड्या, लेबलं, मालक, बायकांची पुसलेली नावं, ‘पारंपरिक’ या शब्दाचं राजकारण. एकही वाक्य गाळवेना. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, छपाईच्या दुकानात काउंटरवरची बाई म्हणाली, तीन पानं झालीत, पाठपोट कागदावर दोनच बसतील, तिसऱ्यावर फक्त पाच-सहा ओळी आहेत. मागं रांग होती. मला वाटलं, ते तळाचे आभार असतील. मी म्हटलं, दोनच छापा.

साठ प्रती घेऊन मी थेट आत्याकडे गेले. तिनं चष्मा लावला, बोट ठेवत ठेवत वाचलं, कागद उलटला, पुन्हा सुलटा केला.

“माझं कडवं कुठंय?”

मी कागद हिसकावून पाहिला. दीड पान माझी प्रस्तावना. मग तीन कडवी. मग कागद संपला.

आत्यानं चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, “तुझी पण क्लॅरिनेट लांबली गं.”

ज्या मालकावर मी दीड पान आग पाखडली होती, त्यानं केलं तेच मी केलं होतं, आणि माझ्यामागं तर फक्त झेरॉक्सची रांग होती. पण तिनं ते कडवं पहिल्यांदाच स्वतःहून मागितलं होतं. मी तिथंच टेबलावर लॅपटॉप उघडला आणि प्रस्तावना पुसली. सगळी. जीव तुटला, पण पुसली. सकाळी दुकान उघडताच पुन्हा छापून आणलं. एका बाजूला चार कडवी आणि तिचं नाव. दुसरी बाजू कोरी.

हॉलमध्ये मुलांनी कराओके ट्रॅकवर तीन कडवी म्हटली. ट्रॅक संपला, टाळ्या झाल्या, समितीच्या सरांनी आभारासाठी माइक उचलला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आत्या बसल्या जागेवरून गाऊ लागली. साथ नाही, माइक नाही. स्टेजवरून तिची नात कुजबुजली, “आजी, फिनिश ऑलरेडी!” आत्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लोकांनी मांडीवरचे कागद उचलले. शेवटची ओळ आली, नाव आलं, आणि मागून दोन-चार आवाज वाचत वाचत तिच्याबरोबर ते नाव म्हणाले.

सोमवारी समितीच्या ग्रुपवर सरांचा वृत्तान्त आला. बालचमूनं पारंपरिक गीत सादर केलं, एका ज्येष्ठ आईंनी साथ दिली.

साथ! मी तिथंच, आत्याच्या सोफ्यावर बसून, उत्तर टाइप करायला घेतलं. सहावा परिच्छेद चालू असताना आत्या मागून डोकावली.

“एवढं कोण वाचणार? थोडक्यात लिही.”

मी सगळं खोडलं. गाण्याची पहिली ओळ लिहिली, पुढं ‘कवयित्री आणि गायिका’ आणि तिचं नाव. पाठवायच्या आधी तिला दाखवलं. तिनं चष्मा लावला आणि शेवटपर्यंत बोट ठेवून वाचलं.

“हां,” ती म्हणाली. “आता मावलं.”