नदीच्या अलीकडचा हिरवा ठिपका

तो चौकशी अहवाल मी परवा पुन्हा वाचला आणि शिसारी आली. गावच्या शिक्षकाने उतरण्याची जागा चुकीची कळवली, असं त्यात लिहिलं आहे. हे खोटं आहे. जागा मी चुकवली होती.

जन्मभर मी मोजणी खात्यात होतो. बांधावर स्वतः उभं राहिल्याशिवाय कागदावर रेघ ओढायची नाही, असं नव्या लोकांना दरडावून सांगणारा माणूस. निवृत्त झाल्यावर अहेरीत एका हेलिकॉप्टर कंपनीच्या दोन खोल्यांच्या कचेरीत लागलो. पावसाळ्यात रस्ता तुटलेल्या गावांतून रोगी उचलून आणायचं काम कंपनीकडे होतं. उड्डाणांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गावाची उतरण्याची जागा मी भरायचो. अक्षांश, रेखांश, उंची, संपर्काचा माणूस. सगळ्यात खाली एक चौकोन होता: जागेवर जाऊन पाहिले. त्यात खूण केली नाही तर गाव नकाशावर लाल, केली की हिरवं. पायलटने हिरव्या ठिपक्यावरच उतरायचं, असा नियम.

साहेब रोज सकाळी विचारायचे, "काका, आज किती गावं हिरवी करून राह्यले?" जागा पाहिल्या का, असं त्यांनी कधीच विचारलं नाही आणि मला त्याचं बरंच वाटायचं.

जूनच्या शेवटी अहवालातल्या त्या गावाकडे गेलो. जीप नदीपर्यंत. गाव पलीकडे. पाणी फार नव्हतं. डोंगेवाला डोंगा धरून उभा होता.

"बसा ना भाऊ, धा मिनिटाचं काम हाये."

"आज अहेरीचा बाजार आहे," मी म्हणालो. "उशीर झाला तर मासोळी संपते."

हे लिहिताना स्वतःचीच किळस येते, पण कारण तेवढंच होतं. अलीकडच्या काठावर सपाट माळ होता. तिथेच जीपीएसचं यंत्र धरलं, आकडे घेतले, गावाच्या नावावर भरले आणि खूण केली. पडद्यावर नदी दिसतही नव्हती. गावाचं नाव आणि माझा ठिपका एकमेकांना चिकटलेले. संपर्क म्हणून शाळेच्या शिक्षकाचा फोन लिहिला. ठिपका कुठे आहे, ते त्यांना सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये एका दुपारी त्यांचाच फोन आला. मीच उचलला.

"बाई अडली हाये भाऊ. शाळेच्या पटांगणात आणून ठेवतो तिले. ओला पेंढा जाळून धूर करतो."

मी "बरं" म्हणालो. शाळा पलीकडे आणि ठिपका अलीकडे, हे मला त्या क्षणी माहीत होतं. धूर दिसला की पायलट आपोआप तिकडे जाईल, अशी मी मनाची समजूत घातली.

धूर दिसला. पायलटने वायरलेसवर विचारलं, "नदीपलीकडे धूर आहे, माझी जागा अलीकडे आहे. कोणती खरी?"

साहेब माझ्याकडे वळले. "काका, तुम्ही स्वतः गेले होते ना?"

"हो."

"मग जागा बरोबर?"

"बरोबर."

हेलिकॉप्टर माळावर उतरलं. तिथे चिटपाखरूही नाही, समोर लाल पाण्याचा लोंढा. ढग खाली आले तसं ते रिकामंच परतलं. बाई वाचली. मूल गेलं.

चौकशीत मी मान खाली घालून बसलो. सॉफ्टवेअरमध्ये सगळं हिरवं होतं, म्हणून दोष फोन करणाऱ्याचा ठरला. शिक्षकाची बदली धानोऱ्याकडे झाली. साहेबांनी बाहेर आल्यावर माझ्या पाठीवर थाप मारली. तो हात अजून पाठीवर चिकटल्यासारखा वाटतो.

पावसाळा संपल्यावर मी ते काम सोडलं. मागच्या महिन्यात कचेरीतल्या नव्या मुलीने सहज फोन केला. "काका, नवीन सॉफ्टवेअर आलं. जुनी यादी जशीच्या तशी उचलली. तुमच्या गावांचं टेन्शनच नाई, सगळी हिरवी!" म्हणजे पुढच्या पावसाळ्यातही हेलिकॉप्टर त्याच माळावर उतरणार.

दुसऱ्या दिवशी नदीवर गेलो. डोंगेवाला तोच.

"काऊन भाऊ, आज बाजार नाई का?"

मी डोंग्यात बसलो. पटांगणाच्या मधोमध उभं राहून आकडे घेतले. कचेरीत त्या मुलीसमोर बसून जुना ठिपका काढून नवा टाकला. मग सगळं खरं लिहून कंपनीला आणि शिक्षण खात्याला अर्ज दिला आणि एक प्रत घेऊन धानोऱ्याकडच्या त्या शाळेत गेलो.

शिक्षकांनी अर्ज उभ्यानेच वाचला. घडी घालून परत दिला.

"मले कायले दाखवून राह्यले भाऊ? तिले सांगतलं का?"

सांगितलं नव्हतं. नदीपलीकडे गेलो त्या दिवशी गावच्या पटांगणातून त्या बाईचं घर दिसत होतं. अंगणात ती मोहाची फुलं वाळत घालत होती. मी आकडे घेतले आणि डोंग्याकडे वळलो. त्या दिवशीही मी जायचं तिथपर्यंत गेलो नाही.

"मला गोंडी येत नाही," मी म्हणालो.

"मले येते," ते म्हणाले. "रविवारी येतो मी. पण बोलान तुमी. मी फक्त तिच्या भाषेत सांगीन. एक शब्द कमी नाई करणार, सांगून ठेवतो."

रविवार परवा आहे. डोंगा सुरू आहे का, ते आज विचारून आलो.