लेंटमधले दोन कप

आलं ठेचून घातलेला चहा उकळायला लागला की मला जयपूरच्या बनी पार्कमधलं आमचं भाड्याचं घर आठवतं. वरच्या मजल्यावर घरमालकीण माताजी राहायच्या. गच्चीत उन्हात ठेवलेली त्यांची मिरचीच्या लोणच्याची बरणी माझ्या चेंडूनं फुटली आणि त्यांनी आमच्याशी बोलणंच टाकलं. आईनं माफी मागितली, नवी बरणी भरून लोणचं नेऊन दिलं. ते तसंच परत आलं. तरी आई रोज जिन्यात हसून "नमस्ते माताजी" म्हणायची आणि माताजी रोज भिंतीकडे बघायच्या. त्यातच लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस, सुरू झाले. आईनं चहा सोडला. चहा म्हणजे तिचा जीव की प्राण, त्यामुळे घरात आम्ही सगळे जरा दबकूनच वागत होतो. एका संध्याकाळी माताजी जिन्यात थांबल्या आणि कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "बहू, चाय बन गई है, पी के जाओ." "पण आई तर..." मी तोंड उघडलं आणि आईनं मला सणसणीत चिमटा काढला. ती चांगला दोन कप चहा प्याली. खाली उतरताना मी म्हटलं, "आई, उपास मोडलास!" "महिनाभर देवाकडे माताजींचा एक शब्द मागत होते," आई म्हणाली. "तो त्यानं चहाबरोबर पाठवला, तर नको कसं म्हणू?" आता लेंटमध्ये मीही चहा सोडते आणि रोज पाचच्या सुमाराला अगदी मनापासून प्रार्थना करते, की देवा, माझ्यावर रुसलेलं कुणीतरी आज मला चहाला बोलावू दे.