मशीन माझं, क्षमा परस्पर

आमच्या भागात त्याला सगळे ‘साक्षवाले’ म्हणतात. चौकात त्याची किल्ल्या बनवायची टपरी आहे. तुम्ही कुलूप घेऊन गेलात की हा कानस हातात घेतो आणि तिच्या घासण्याबरोबर याची साक्ष सुरू होते: मी चोर होतो, अशीच कुलपं उघडून घरं धुऊन काढायचो, तुरुंगात शुभवर्तमान ऐकलं आणि प्रभूनं मला सोडवलं. गिऱ्हाईक बिचारं आपल्याच किल्लीकडे बघत राहतं. काही जण तर अर्धवट घासलेली किल्ली उचलून पळालेत. धंद्याच्या जागी हे कशाला, म्हणून बायकोनं डोकं फोडून घेतलं. त्याचं उत्तर ठरलेलं: सोडवलं हे सांगायचं, तर कशातून ते लपवून कसं चालेल?

हे मी ऐकून होते आणि खरं सांगते, मला ते आवडलंही होतं. आमच्या मंडळीतल्या पिढीजात ख्रिस्ती माणसांची शेजाऱ्यापाशी प्रभूचं नाव काढताना बोबडी वळते. हा निदान उघड बोलतो, असं मला वाटायचं.

मग एका रविवारी पाळकसाहेबांनी त्याला आमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायला बोलावलं. बोलण्यात गडी पटाईत. म्हणाला, एका विधवा बाईच्या घरात मी खिडकीतून शिरलो, तिचं हाताने फिरवायचं शिलाई मशीन उचललं आणि भिंतीवरून उडी मारताना मशीनसकट गटारात पडलो. मंडळी हसली. सुईखाली अर्धा शिवलेला फ्रॉक तसाच होता, पिवळा, कॉलरला निळी पट्टी. घाईत तोही आला आणि तो गळ्यात अडकवूनच मी पळालो. मंडळी आणखी हसली. पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मला हसू आलं नाही. ती निळी पट्टी मी लावली होती. आणि विधवा म्हणाल, तर माझे हे माझ्या शेजारीच बसले होते, चांगले धडधाकट. “मला मारून मोकळा झाला की हा,” असं ते माझ्या कानात कुजबुजले आणि चक्क हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या वर्षी हे दवाखान्यात पडून होते आणि घर त्या मशीनवर चालत होतं. मशीन गेल्यावर हाताची शिवण कोण घेणार? लेकीला सातवीतून काढून साबणाच्या कारखान्यात वड्या भरायला लावली. फ्रॉक तिचाच होता, शाळेच्या बक्षीस समारंभाला घालायचा. आज ती तिशी ओलांडलेली बाई आहे आणि अजून साबणच भरते. चर्चची पायरी ती चढत नाही, कारण तेव्हा मंडळीतली माणसं घरी येऊन ‘देवाची इच्छा’ म्हणाली आणि चहा पिऊन गेली.

आणि हा म्हणतो, देवानं मला क्षमा केली. देवाला काय जातं क्षमा करायला? देवाचं मशीन गेलं नव्हतं, माझं गेलं होतं. व्यवहार दोघांनी परस्पर उरकला, मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी टपरीवर गेले. निमित्ताला कपाटाची किल्ली नेली. त्यानं मला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. कानस चालू झाली, साक्षही चालू झाली.

“ताई, माझी किंमत दुसऱ्या कुणीतरी भरली, म्हणून मी सुटलो.”

“ठाऊक आहे,” मी म्हटलं. “मी भरली. ती मशीनवाली विधवा मीच.”

कानस थांबली. तो म्हणाला, “पण दाराशी पुरुषाच्या चपला नव्हत्या.”

“त्या त्यांच्याबरोबर दवाखान्यात होत्या.”

त्यानं तिथल्या तिथे हात जोडले. मी म्हटलं, क्षमा वरून मिळालीय ना तुम्हाला, मग परत इथे कशाला मागता? आणि लेकीचं सगळं त्याला ऐकवलं. मागायचीच असेल तर तिच्याकडे मागा, म्हटलं. वाटेवरच्या अनोळखी माणसाला थांबवून ‘तुमचं तारण झालं का’ विचारणारा हा माणूस. माझ्या लेकीपुढे जायचं म्हटल्यावर किल्लीतच डोकं खुपसून घासत बसला.

शनिवारी संध्याकाळी आला मात्र. बायबल आणलं नव्हतं, हे बरं केलं. लेक नुकतीच पाळीवरून आली होती. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच तो बोलला: चोरी मी केली, तुमची शाळा माझ्यामुळे सुटली, आणि त्या घराचं पुढे काय झालं हे मी कधी विचारलं नाही. देवाचं नाव त्यानं घेतलं नाही.

लेकीनं सगळं ऐकून घेतलं. “साक्ष द्यायचीच तर पुरती द्या,” ती म्हणाली. “गटार सांगता, तशी माझी शाळाही सांगा.” आणि तिनं दार लावलं.

दुसऱ्या दिवशी उपासनेला ती माझ्याबरोबर निघाली. मी एक शब्द विचारला नाही, उगाच बेत बदलायची. साक्षीची वेळ झाली तसा तो न बोलावता उठून व्यासपीठावर गेला. तीच गोष्ट, पण यावेळी भिंत नाही, गटार नाही. बाई विधवा नव्हती, म्हणाला. तिच्या नवऱ्याचं आजारपण, मुलीची शाळा, साबणाचा कारखाना, सगळं सांगितलं. “मी सुटलो आणि मागे कोण अडकलंय ते वळून पाहिलं नाही,” तो म्हणाला. “प्रभूनं सोडवलं ते पळून जायला नव्हे.”

चर्चमध्ये कुणी हसलं नाही. मंडळीचे चिटणीस खाकरले आणि त्यांनी त्याला आवरतं घ्यायची खूण केली. पुढे त्यांनी मला शहाणपणही शिकवलं, की साक्षीनं मंडळीला आनंद व्हायला हवा, आणि देव ज्या पापांची आठवण ठेवत नाही ती आपण कशाला उकरायची. मी म्हटलं, देव विसरला असेल, मी देवाइतकी मोठी नाही. त्यानंतर त्याला कुठूनच बोलावणं आलं नाही. चोर चालत होता यांना, चोरी झालेलं घर चालेना.

पण त्या रविवारचं सांगायचं राहिलं. बोलून झाल्यावर तो खाली आला. आदल्या रविवारी त्याचे हात हातात घेणारी माणसं पुढच्या बाकावर ऐसपैस बसून होती. त्याला जागा द्यायला कुणी अंग चोरलं नाही. तो मधल्या वाटेत तसाच उभा राहिला.

मी अजून क्षमा केलेली नाही, हे स्पष्ट सांगते. करीन तेव्हा त्याच्या तोंडावर सांगेन. पण लेकीनं मला कोपरानं ढोसलं. वाटेकडच्या टोकाला बसलेली ती आत सरकायला बघत होती आणि मी हलल्याशिवाय तिला जागा होईना.

मी सरकले.