दिराच्या मजल्याच्या सळ्या

एप्रिलची सतरा तारीख, रविवार. ऊन चढायच्या आत गच्ची घासून काढायची होती. मी तारेच्या ब्रशनं वाळलेलं शेवाळ खरवडत होते आणि सारखी अडत होते. आमच्या गच्चीवर खांबांची बोडकी डोकी आहेत आणि त्यांतून हातभर सळ्या वर आलेल्या आहेत.

मुकुंदवाडीतलं हे घर सासऱ्यांनी चिकलठाण्याच्या कारखान्यात असताना बांधलं. खालचं थोरल्याला, वरचा मजला धाकट्याला. तो मजला झालाच नाही. सासरे गेले, दीर पुण्याला गेले, सळ्या राहिल्या. सासूबाई त्यांच्यावर रिकाम्या बाटल्या उपड्या घालतात. पाडव्याची गुढीही कोपऱ्यातल्या सळईलाच बांधतात. सुतळी अजून तिथं लोंबत होती.

मला सळ्या कापायच्या होत्या, आणि त्याला कारण होतं. दोन्ही बाजूंना तीन मजली इमारती उठल्या, आमच्या खिडक्यांपुढं भिंती आल्या, वारा संपला. कूलरला पाणी लागतं आणि त्या दुष्काळात नळ आठवड्यानं यायचा. बोअर आटलेला. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आमच्या अंगावर उतरायचा. राहता राहिली वरची बाजू. तिथं पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवायचे, म्हणजे ऊन परत फिरेल. गच्चीला बोअरकडे उतार द्यायचा, म्हणजे पडेल तेवढा पाऊस जमिनीत जाईल. पण सळ्यांच्या बुडाशी पाणी मुरतं आणि लोखंडाच्या कडेनं खाली गळतं. त्या कापून खांब बुजवल्याशिवाय हे काम करण्यात अर्थ नव्हता.

नवरा म्हणाला, आईला विचार. सासूबाई चहा घेऊन वर आल्या तेव्हा विचारलं. त्यांनी सुतळीची गाठ पक्की केली.

"सळ्या कापल्या म्हंजे त्याला येऊ नको म्हनल्यावानीच झालं की. ज्याचा मजला, त्यालाच विचार."

दुपारी मी दिरांना फोन लावला.

"वहिनी, मी कशाला येतोय आता तिकडं? इथं फ्लॅट घेतलाय. खुशाल कापा." मग म्हणाले, "फक्त मी म्हणालो असं आईला सांगू नका. तिच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत."

"त्या गोळ्या मीच देते, भावजी."

ते हसले. दिवाळीला आलो की स्वतःच सांगतो म्हणाले. दिवाळीला येतो, हे ते दरवर्षी म्हणतात.

खाली आले तर सासूबाई ओलं लुगडं अंथरून फरशीवर पडल्या होत्या. पंखा गरम हवाच फिरवत होता. माझ्याइतक्याच त्याही भाजत होत्या. मला पाहून कोपरावर उठल्या.

"काय म्हनला?"

हो म्हणाले असं सांगितलं, तर तो येणारच नाही का, असं विचारलं असतं आणि फ्लॅटचं सांगावं लागलं असतं. कापू नका म्हणाले असं सांगितलं, तर सळ्या जन्मभर माझ्या डोक्यावर.

"कामात होते. मागून सांगतो म्हणाले."

"मग ऱ्हाऊ दे तवर," त्या म्हणाल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या. "पन गंजू देऊ नको."

नवऱ्यानं पेपर उलटला. फरशीवाल्याला मी फोन करून नको म्हणून सांगितलं आणि संध्याकाळी कपडे धुतलेल्या पाण्यात चुना भिजत घातला. चुन्यानं स्लॅब थोडा कमी तापतो, गळती थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी वर गेले. बाटल्या काढल्या, सुतळी सोडवली. प्रत्येक सळई पॉलिश पेपरनं घासली आणि तिला रेड ऑक्साइडचा हात दिला. तो वाळेपर्यंत मधल्या जागेत चुना मारला. मग बाटल्या एकेक करून परत घातल्या आणि कोपऱ्यातल्या सळईला सुतळी होती तशी बांधली.