सरव्याची ढोली

"झटक."

मालगुजार एवढंच बोलला. तो धुऱ्यावर उभा, बगलेत छत्री, मागं नागपूरचे दोन पाहुणे. खाली धानाच्या वावरात, बांधीत मी. दहा-अकरा वर्षांची पोट्टी, कमरेले मायच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला, त्याच्या ओटीत धानाच्या लोंबा. मले समजलंच नाही काय झटकायचं ते.

"कानात बोळे घातले काय वो? ओटी झटक."

झटकली. सकाळपासून वेचलेल्या लोंबा ओल्या मातीत पडल्या.

धान कापून भारे खळ्यावर गेले का बांधीत ज्या लोंबा पडून राहतेत, त्याले आमच्याकडं सरवा म्हणतेत. सरवा वेचणाऱ्याचा. कोणाले विचारायचं नसते, अन् कोणी तो द्यायचा नसते. त्या बांधीत रोपं लावून रोवणा माह्या मायनं केला, कापणी मायनं केली, भारे बापानं डोक्यावर वाहले. तरी खाली सांडलेलं वेचलं तर मी चोर! वा रे न्याय.

एक पाहुणा म्हणाला, "जाऊ द्या हो, लहान आहे."

मालगुजाराले तेच पाहिजे होतं. त्याले पाहुण्याइसमोर दयाळू व्हायचं होतं.

"उचल आता," तो म्हणाला. "मी देऊन राहिलो म्हणून उचल. अन् मोठ्यानं म्हण, मालकानं देलं."

मी मायकडं पाहलं. माय पलीकडच्या धुऱ्याजवळ हात जोडून उभी होती. तिनं मान हलवली. म्हण बाप्पा, म्हणून टाक.

"मालकानं देलं."

"ऐकू नाही आलं."

"मालकानं देलं!"

पाहुणे हासले. ज्यानं जाऊ द्या म्हणलं होतं, तोबी हासला. मी खाली बसून लोंबा वेचल्या, मातीसकट. मायनं ते धान वाळवलं, कुटलं, भात शिजवला. तुम्हाले वाटत असेल, मी तो भात खाल्ला नाही. खाल्ला. पोटभर खाल्ला अन् ताटलीबी चाटली. भूक लागली होती. रुसून उपाशी झोपायचे नखरे भरल्या घरच्या पोट्ट्याइले सुचतेत. भाताचा मले राग नव्हता. माह्या तोंडातून जे वदवून घेतलं, त्याचा आला. तो राग अजून उतरला नाही, अन् मले उतरवायचाबी नाही.

मालगुजारी सरकारनं कधीचीच मोडली होती. कागदावर. गावात तो मालगुजारच. जमीन त्याची, तळं त्याचं, सरपंच त्याचा भाचा. आम्ही दीक्षा घेऊन बौद्ध झालो, मोहल्ल्यात विहार बांधलं, तरी त्याच्या तोंडी आमची जुनीच जात. थुंकल्यासारखी.

माहं लग्न त्याच गावात झालं. वरच्या आळीतून खालच्या आळीत आली, बस. बांध्या त्याच अन् मजुरीबी तीच.

रोवण्यात शेवंता माह्या बाजूले राहे. गळा असा का, ती गाणं म्हणे तर वाकलेली कंबर दुखायची विसरे. ऐंशी सालानंतर कधीतरी तिनं रेडिओवर ऐकलं का सरकारनं शेतमजुराइचा भाव ठरवला हाये. तिनं मालगुजाराच्या दिवाणजीले सगळ्या बायाइसमोर विचारलं, "सरकारी भाव काहून देत नाही जी?"

दिवाणजीनं काठी उचलली. शेवंताचा हात कोपराच्या वर मोडला. कडकन आवाज आला. बांधी बायाइनं भरलेली होती, सगळ्याइनं ऐकला.

पोलिसाइचा आम्ही पिच्छा पुरवला, तवा कुठं केस भंडाऱ्याच्या कोर्टात उभी राहिली. अन् सुरू झालं तारखेचं. तारीख काय असते ते ज्याच्यावर बितली त्यालेच माहीत. अंधारात उठून करडी गावापर्यंत पायी, तिथून एसटी. कोर्टाच्या पायरीवर दिवसभर उकिडवं बसायचं. संध्याकाळी शिपाई सांगे, साहेब सुट्टीवर, पुढची तारीख घ्या. त्या दिवसाची मजुरी बुडाली. घरी लेकरं वाट पाहून झोपली. मालगुजाराले साक्षीदार विकत घ्यायची गरजच नव्हती. आमची विझलेली चूलच साक्षी फोडून राहिली होती. दोघी फुटल्या. कोर्टात जाऊन म्हणल्या, आम्ही काही पाहलं नाही. मले त्याइचा राग नाही. त्याइच्या लेकराइचे तोंड मी पाहले होते.

मंग विहारात बसलो. शेवंता मोडका हात सावरत आली. म्हणे, "माह्यापायी उपाशी काहून राहता वो? सोडा केस."

मले काय झालं माहीत नाही. मी विचारलं, "सरवा कोणाचा?"

"वेचणारीचा," बाया म्हणल्या.

"मंग यंदा घरी नेऊ नका. इथं आणा."

विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही एक ढोली उभी केली. बांबूची, शेणामातीनं लिंपलेली, घरोघरी धान ठेवाले असते तशी. त्या हंगामात सगळ्या वस्तीनं सरवा वेचला अन् तिच्यात ओतला. जी बाई तारखेले जाईल, तिच्या घरची चूल त्या दिवशी ढोलीवर पेटायची. थोडं धान विकून एसटीचं भाडं निघे. वकील आमच्यातलाच एक शिकलेला पोट्टा होता, तो फी घेत नव्हता. कोणापुढं पदर पसरला नाही. साक्षीदार फुटायचे थांबले.

हे मालगुजाराले कसं सहन होणार? तो भादव्याची वाट पाहत बसला. भादव्यात आमच्याकडं जुनं धान सरलेलं असते अन् नवं उभं असते. ढोलीबी तळाले गेली होती. अन् पुढची तारीख माह्या साक्षीची होती.

एक दिवस विहारापुढं बैलगाडी येऊन थांबली. तांदळाचे पोते रचलेले. मागून मालगुजार. म्हातारा झाला होता, डोक्यावर पांढरी टोपी आली होती, कोणत्यातरी संस्थेचा अध्यक्ष झाला होता. संग फोटोवाला.

"केस मागं घ्या असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "कोर्टाचं कोर्टात. गरिबाइच्या कामाले ही माही मदत. फक्त ढोलीवर माह्या नावाची पाटी लावा."

कवडूजी आमच्या विहाराचा अध्यक्ष. बिचारा भला माणूस. हात चोळत मले म्हणे, "घेऊन टाकू वो बाई. तांदळाले काय कोणाचं नाव चिकटते? लेकरं उपाशी हायेत."

खोटं नव्हता बोलत. लेकरं पोत्याले हात लावून पाहत होते. माही लहानी पोरगी त्यातच. बाया खाली मान घालून उभ्या. घ्या म्हणाले जीभ होत नव्हती, नको म्हणाले पोट होऊ देत नव्हतं.

तेवढ्यात फोटोवाला मले म्हणाला, "बाई, इकडे या. पोत्याजवळ उभ्या राहा. हात जोडा. साहेबांकडे पाहा."

अन् माहं टाळकं सटकलं. अरे, आमचीच मजुरी कापून भरलेलं पोतं, अन् हातबी आम्हीच जोडायचे? उद्या त्याचा वकील कोर्टात हाच फोटो काढेल. विचारेल, बाई, ज्याच्या हातचं खाता त्याच्याच माणसावर खोटी केस टाकता? मंग मी काय सांगू? शेवंताच्या मोडक्या हाताची किंमत चार पोते झाली म्हणून सांगू?

मी गाडीवानाले म्हणलं, "गाडी वळव."

"काय?" मालगुजार म्हणाला.

"गाडी वळवाले सांगतलं. अन् तूबी जाय."

तू म्हणलं मी त्याले. माह्या बापानं जन्मभर ज्याच्यासमोर चप्पल हातात धरली, त्याले तू. कवडूजीनं कपाळावर हात मारला.

"माजली काय वो?" मालगुजार म्हणाला. "उपाशी मरसान सगळे."

"मरू. तुहा भात तोंडात घेऊन तुह्या दिवाणजीविरुद्ध तोंड कसं उघडू? बुडवलेली मजुरी म्हणून दे, आता घेतो. मदत म्हणून एक दाणा नको."

शेवंता पुढं झाली. तिचा हात वाकडाच जुळला होता. चांगल्या हातानं तिनं बैलाचा कासरा धरला अन् गाडी फिरवली. फोटोवाला उगाच आपली चामड्याची पेटी उघडत-बंद करत राहिला.

त्या दिवशी वस्तीत रानातल्या तरोट्याची भाजी शिजली. नुसती भाजी. लेकरं रडले. एका सासूनं मले शिव्या घातल्या, तुह्या तोऱ्यापायी आमचे नातू उपाशी म्हणून. मी ऐकून घेतल्या. तिचं चुकलं नव्हतं, अन् माहंबी चुकलं नव्हतं.

साक्ष मी देली. दिवाणजीच्या वकिलानं विचारलं, "तुम्हाला इथपर्यंत यायला पैसे कोण पुरवतं?" मी म्हणलं, "आमची वस्ती." तो हासला. त्याले वाटलं, मी कोणाचंतरी नाव लपवून राहिली.

मालगुजारानं उट्टं काढलं. त्या साली भारे उचलल्याबरोबर बांध्यात गुरं सोडले. सरवा गुराइच्या पायाखाली गेला. आम्हाले कामावर बोलावणं बंद. ठीक हाये. आम्ही दूरदूरच्या गावात कापणीले गेलो, अन् आल्यावर आपापल्या मजुरीतून सूपभर धान ढोलीत ओतलं. सर्वात पहिले कवडूजीनं ओतलं. म्हणे, "मले अक्कल उशिरा येते, पण येते."

अन् निकाल लागला. दिवाणजी सुटला. पुरावा कमी पडला म्हणे. भरल्या बांधीनं पाहलेला पुरावा कमी पडला! मालगुजाराच्या वाड्यासमोर फटाके फुटले. आवाज आमच्या मोहल्ल्यापर्यंत येत होता, अन् यावा म्हणूनच फोडून राहिले होते.

दुसऱ्या दिवशी विहारात कोणीतरी विचारलं, केस संपली, मंग ढोलीतलं धान वाटून घ्यायचं काय? शेवंतानं माह्याकडं पाहलं. मी म्हणलं, तळ्यावरच्या ढिवराइले, मासे धरणाऱ्याइले, परवा मालगुजाराच्या माणसाइनं मारलं. तळ्यात जाळं टाकलं म्हणून. त्याइच्यातला एक जण साक्ष द्याले तयार हाये, पण त्याचं पोट हातावर हाये. त्याच्या घरी आजच धान पोचवा. तो आपल्या जातीचा नाही, असं एक जण कुजबुजला. मी त्याले तिथंच गप्प केलं.

आमच्या वकिलानं वरच्या कोर्टात अर्ज टाकला हाये. तिथं आम्ही पुन्हा हरू शकतो. ते मले समजते, मी काही येडी नाही. पण शेवंताचा हात मोडणारा मोकळा फिरून राहिला, तोपर्यंत मी त्याले सुखानं झोपू देणार नाही. बोलावणं आलं का मी जाईन. मी मेली तर माही पोरगी जाईल. अन् ती जाईल त्या दिवशी तिच्या घरी भात शिजेल, आमच्या धानाचा.